पेरणी उरकल्यावर आलेली पोरं : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, शेतकऱ्यांसोबत काम करणाऱ्या कृषी विद्यार्थ्यांवरच्या (गावात त्यांना कृषिदूत म्हणतात) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "कृषिदूत येतात, रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात, फोटो काढतात आणि गुण घेऊन जातात. निंबोळी अर्काच्या फवारणीनं आमचं कर्ज फिटणार का?" लगेच उत्तर द्यायला बसले होते, पण थांबले. निम्मं खरं आहे, आणि त्या निम्म्यात मीही आहे.

तो नकाशा मी काढलाय. पारासमोर निळा ओढा भरत होते, तर एक शेळी त्यातून सरळ चालत गेली. पारावरचं एक म्हातारं म्हणालं, "जाऊ दे तिला, ओढा कोरडाच हाय." फोटो त्याआधीच काढून झाला होता.

तुमच्याकडून राहिलेला एक दोष मीच सांगते. हा ग्रामीण कार्यानुभव, म्हणजे कृषीच्या विद्यार्थ्यांनी गावात राहून करायचं गुणांचं काम, शेवटच्या वर्षात येतो. पोरं गावात पोचतात तोवर बहुतेकांच्या पेरण्या उरकलेल्या असतात, आणि मग आम्ही जुलैत बियाण्याच्या उगवण क्षमतेचं प्रात्यक्षिक दाखवतो! ज्यांचं उगवलं ते कौतुकानं बघतात. ज्यांचं नाही ते दुबार पेरणीच्या पैशासाठी हिंडत असतात, त्यांना कुठली सवड.

पण वेळ साधली तर काय होतं तेही पाहिलंय. 2019च्या ऑक्टोबरात काढणीचं सोयाबीन पावसात सापडलं आणि तोच भिजलेला दाणा पुढं बियाणं झाला. 2020च्या मे महिन्यात टाळेबंदीमुळं आम्ही सगळे विद्यार्थी आपापल्या गावी होतो, ऐन पेरणीच्या तोंडावर. कॉलेजनं काही सांगितलं नव्हतं, गुणही नव्हते. वर्गातल्या एकीनं ग्रुपवर घरचं ओलं गोणपाट दाखवलं, तसं मी औसा तालुक्यातल्या आमच्या गल्लीत सुरू केलं. पोत्याच्या वरून, मधून, बुडातून दाणे घ्यायचे. शंभर मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. आठवड्यानं उघडून चांगले कोंब मोजायचे. 70 भरले तर नेहमीसारखं एकरी 30 किलो बी, कमी भरले तर त्या हिशेबानं जास्त.

आमचं भरलं 64, म्हणजे एकरी 33 किलो. चुलत्यांचं 38. "तुझं गोणपाटच खोटं आहे," म्हणाले. पुन्हा लावलं, 36. मग त्यांनी शेजाऱ्याचं 81 भरलेलं बी घेतलं, राशीला, म्हणजे मळणी झाल्यावर, परत द्यायच्या बोलीवर. (सोयाबीनचं बी दरसाल आपल्याच नव्या पिकातून राखलं तर दोन-तीन वर्षं खुशाल चालतं, दरसाल नवी बॅग कशाला?) त्या खरिपात बी न उगवल्याच्या तक्रारी मराठवाडाभर झाल्या, औरंगाबाद खंडपीठानं आपणहून दखल घेतली. आमच्या गल्लीतही एकाचं 72 भरलेलं बी उगवलं नाही. पेर फार खोल गेली होती, आणि ते सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. त्यांना अजून तोंड दाखवायला लाज वाटते.

कर्जाचं म्हणाल तर ते अर्कानं फिटत नाही आणि गोणपाटानंही नाही. 2024-25ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि आडतीवर त्याच्या खाली विकावं लागलं, तिथं विद्यार्थी काय करणार? दुबार पेरणी टळली तर बी, खत आणि ट्रॅक्टरभाड्याचा नवा बोजा चढत नाही, माझं म्हणणं एवढंच. लेखात याहून मोठं काही बोलले असेन तर ते मागे घेते. फोटोंचं मात्र ऐकून घेणार नाही, गोणपाटाचा एकही फोटो धड आलेला नाही.

तुमच्या कळंबकडची दोन पोरं मे महिन्यात सुट्टीला घरी येतात, त्यांच्याशी बोलले आहे. यंदाचं बी ठेवलं असेल तर पोती आपटू नका, फार उंच थप्पीही लावू नका. सोयाबीनचं साल पातळ असतं, मार बसला की कोंब मरतो. चहा नसला तरी चालेल त्यांना. गोणपाट तेवढं धुऊन ठेवा.