चेकच्या नोटिशीतला आकडा

चेक न वटता परत आला की लोकांना एकच काळजी असते, समोरचा देणंच नाकारेल का? पण कायदा इथे बराचसा तुमच्या बाजूने आहे. सही त्याचीच आहे हे ठरलं की चेकसंबंधीच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३९ नुसार देणं होतंच असं धरून चालतात. नव्हतं हे दाखवायचं काम सही करणाऱ्याचं. माझ्या मते प्रकरणं हरतात ती पैसे मागण्यासाठी पाठवायच्या नोटिशीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कावेरी प्लास्टिक्स प्रकरणात हेच सांगितलं. चेक १ कोटीचा आणि नोटिशीत मागणी २ कोटींची. टायपिंगची चूक झाली, हा खुलासा मान्य झाला नाही. नोटीसच अवैध ठरली.

हा निकाल अनेकांना निष्ठुर वाटला. मला तो पटतो. नुसता चेक परत आल्याने गुन्हा होत नाही. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत चेकची रक्कम दिली नाही तर होतो. ज्या चुकीसाठी माणूस दोन वर्षांपर्यंत तुरुंगात जाऊ शकतो, तिथे नेमके किती पैसे भरले की सुटका, हे त्याला स्पष्ट कळलंच पाहिजे. व्याज, नोटिशीचा खर्च जरूर मागा, पण वेगळ्या ओळीत. चेकची रक्कम स्वतंत्र आणि जशीच्या तशी.

दुसरी चूक याहून जास्त होते. चेक १,२०,००० चा, मधल्या काळात ५०,००० यूपीआयने आले, तरी पूर्ण रकमेचा चेक बँकेत टाकला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानुसार हे चालत नाही. मिळालेल्या रकमेची नोंद चेकवर करून उरलेल्या ७०,००० साठीच तो वटवायला टाकायचा.

दिवसांचा हिशेब असा: बँकेचा रिटर्न मेमो (चेक परत आल्याची चिठ्ठी) मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस वाट, आणि नंतरच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत केलेली तक्रार तक्रारच धरत नाहीत. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, नोटिशीच्या ३० दिवसांना ती सवलत नाही. मात्र चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाका. परत आला की नव्याने, बिनचूक नोटीस देता येते.

सप्टेंबर २०२५ मध्येच गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हातउसने देणाऱ्यांना मोठा आधार दिला. २०,००० च्या वर रोख दिले म्हणून ते कर्ज बेकायदा ठरत नाही; आयकराचा दंड हा वेगळा विषय. त्याच निकालात तडजोडीचे दर, म्हणजे प्रकरण मिटवताना आरोपीने जादा भरायची रक्कम, हेही बदलले. आरोपीच्या बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी मिटवलं तर जादा काही नाही, त्यानंतर पण निकालाआधी चेकच्या ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५, सर्वोच्च न्यायालयात १०. देणेकऱ्याला लवकर मिटवावंसं वाटेल अशी ही रचना आहे आणि ती योग्यच आहे.

नोटिशीचा मसुदा हातात आला की मूळ चेक आणि मेमो शेजारी ठेवा. चेक क्रमांक, तारीख, बँक व शाखा, आकडी रक्कम, अक्षरी रक्कम, मेमोची तारीख, परतीचं कारण, एकेक बोट ठेवून ताडून बघा. आधीच्या नोटिशीवरून नवी बनवताना जुना आकडा तसाच राहतो, बहुतेक वेळा अक्षरी रकमेत.