खुलासा : जिनोबिली बाकावरून उतरायचा, म्हणून दुय्यम नव्हता

संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या बास्केटबॉल ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘मनू जिनोबिली पहिल्या पाचात बसण्याच्या लायकीचा शूटिंग गार्ड (मुख्यतः लांबून गुण मिळवणारा खेळाडू) नव्हता, आणि त्याची युरोस्टेप (बचावपटूला चकवायला दोन पावलं दोन बाजूंना टाकण्याची चाल) म्हणजे सरळ ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात धरून जास्त पावलं टाकण्याचा नियमभंग).’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

त्याला बाकावरून, म्हणजे सुरुवातीच्या पाचात न ठेवता नंतर उतरवणं, हा त्याच्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) संघाचा, सॅन अँटोनियो स्पर्सचा, डाव होता. संघाचे प्रमुख खेळाडू पार्कर-डंकन विश्रांतीला गेले तरी आक्रमण थंडावू नये, यासाठी. 2007-08 मध्ये संघात सर्वाधिक सरासरी त्याचीच होती, सामन्यामागे 19.5 गुण. सामना अटीतटीचा झाला की शेवटच्या मिनिटांत तो कोर्टवर असायचाच.

आता युरोस्टेप. धावताना ड्रिबल (चेंडू आपटत नेणं) संपवून चेंडू हातात येतो, तेव्हा जमिनीवर असलेला पाय मोजत नाहीत. पुढं दोन पावलं : पहिलं एका बाजूला, दुसरं लांब, विरुद्ध बाजूला. आपल्या पोरांचं नेमकं इथंच चुकतं. चेंडू घाईनं उचलतात, मग बास्केटपर्यंत पोचायला तिसरं पाऊल पडतं आणि शिट्टी वाजते. काहीजण पहिल्या पावलाला खांदा आणि चेंडू त्या बाजूला नेतच नाहीत. मग बचावपटू हलतच नाही आणि दुसरं पाऊल थेट त्याच्या अंगावर जातं.