प्रेग्नन्सी किटबद्दलच्या तक्रारीला दुकानाचे उत्तर

नमस्कार ताई,

पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी, सायंकाळी केलेल्या तपासणीत किटवर एकच रेघ आली आणि दहा दिवसांनी डॉक्टरांकडे निकाल पॉझिटिव्ह निघाला, म्हणून आम्ही डुप्लिकेट किंवा उन्हात खराब झालेला माल विकतो, असे आपण लिहिले आहे. त्या दहा दिवसांत आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मला मनापासून वाईट वाटते.

त्या बॅचची उरलेली पाकिटे मी काल स्वतः पाहिली. त्यांची मुदत शिल्लक आहे. किट ३० अंशांच्या आत ठेवावे लागते आणि आपल्या जळगाव-भुसावळ भागात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, म्हणून ते खोके आम्ही दर्शनी काचेत न मांडता आतल्या एसी खोलीत ठेवतो.

माझ्या मते अडचण दिवसाची झाली. गर्भ रुजल्यानंतरच एचसीजी हे संप्रेरक लघवीत उतरू लागते. ही क्रिया स्त्रीबीज बाहेर पडल्यावर साधारण ६ ते १२ दिवसांनी होते आणि त्यानंतर सुरुवातीच्या काळात त्याचे प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जाते. त्यामुळे तारखेआधी, त्यातही दिवसभर पाणी पिऊन पातळ झालेल्या लघवीत, ते किटला न सापडणे अगदी शक्य आहे. पाळी चुकल्यानंतर सकाळच्या पहिल्या लघवीने तपासावे, पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच निकाल पाहावा आणि एकच रेघ येऊनही पाळी आली नाही तर आठवड्याने नवे किट वापरावे. किटवरच्या ‘टी’ (टेस्ट, म्हणजे तपासणी) या खुणेजवळची फिकट रेघसुद्धा होकारच समजतात, ‘सी’ची (कंट्रोल, म्हणजे किट नीट चालल्याची) रेघ उमटलीच नाही तर ते किट बाद. पाळी अनियमित असल्यास संबंधानंतर किमान २१ दिवस थांबावे. पोटात तीव्र कळ किंवा रक्तस्राव असेल, तर किटवर काहीही दिसो, लगेच डॉक्टरांकडे जावे.

हे सारे काउंटरवरच सांगायला हवे होते. आमच्या मुलाने किट वर्तमानपत्रात गुंडाळून, मान खाली घालून, न बोलता आपल्या हाती दिले. चूक त्याची नाही; बायकांना संकोच वाटतो, काही बोलू नकोस, असे मीच त्याला शिकवले होते. आता प्रत्येक किटसोबत मराठीत छापलेली चिठ्ठी देतो, आणि स्वतः फार्मासिस्ट असलेली माझी पत्नी दुपारी काउंटरवर असते. तिला अहिराणीतूनही विचारता येईल.

किटचे पाकीट अजून असेल तर कृपया आणून द्यावे. बॅच क्रमांक मी कंपनीला कळवीन आणि आपले पैसे परत करीन.