अक्रोडाच्या ॲम्प कॅबिनेटला गेलेला तडा: तुमच्या अभिप्रायाला माझं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला, सोबतचे फोटो मोठे करून पाहिले. तुमच्या तक्रारी अशा: गिटार ॲम्पसाठी बनवून घेतलेल्या अक्रोडाच्या कॅबिनेटला सहा महिन्यांत उजव्या बाजूला वीतभर उभा तडा गेला. वरच्या फळीवर गोल गोल डाग आहेत आणि तिथे हात चिकटतो. सर्वात जाड तार छेडली की कुठेतरी काहीतरी थरथरतं. अस्सल लाकूड म्हणून पैसे घेतले आणि आत स्पीकरची फळी प्लायवूडची निघाली. सहा आठवडे सांगून नऊ लावले. आणि तुम्ही फोन केलात तेव्हा आमच्याकडून उत्तर मिळालं, “लाकूड आहे, असं होतंच.”

आधी हे शेवटचं. ते वाक्य मी मागे घेतो. लाकूड हलतं हे खरं आहे, पण म्हणून त्याला तडा गेलाच पाहिजे असं नाही. ते हलणार हे धरूनच पेटी बांधायची असते, आणि इथे ते मी केलं नाही. तडा माझ्या चुकीने गेला आहे. नेमकी चूक सांगतो, कारण कॅबिनेट बनवून घेणाऱ्या पुढच्या माणसालाही ती कळायला हवी.

ओल्या ओंडक्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत अक्रोडाचं लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेत ८ टक्क्यांच्या आसपास आक्रसू शकतं. लांबीच्या दिशेत मात्र जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. वाळवलेल्या फळीतही हा खेळ संपत नाही. हवा दमट झाली की ती फुगते, कोरडी झाली की आक्रसते. तुमच्या पेटीची बाजू २६० मिलिमीटर रुंद आहे. मी काम केलं तेव्हा तिच्यात ११ टक्के ओलावा होता. कोरड्या खोलीत, त्यात आतून ॲम्पच्या व्हॉल्व्हची, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांची, ऊब, तो ७ टक्क्यांपर्यंत उतरला तर फळी अडीच मिलिमीटरहून थोडी जास्तच आत येते.

नुसत्या पेटीला याने काही होत नाही. फिंगर जॉइंटच्या, म्हणजे कोपऱ्यात बोटांसारखे दाते एकमेकांत अडकवलेल्या, पेटीत चारही फळ्यांचे तंतू पेटीभोवती एकाच दिशेने फिरतात. आक्रसल्या तर चौघी सारख्याच आक्रसतात, पेटीची पुढून मागची खोली थोडी कमी होते आणि कोपरे शाबूत राहतात. तुमच्या फोटोत कोपरे पाहा, एकाही सांध्यात फट नाही. पण बाजूच्या फळ्या आवाजाने थरथरू नयेत म्हणून मी आतून पुढून मागे मेपलची एकेक आधारपट्टी लावली, आणि ती पूर्ण लांबीभर सरस लावून, वर स्क्रू मारून पक्की केली. पट्टी तिच्या लांबीत आक्रसत नाही, फळी त्याच दिशेत आक्रसू पाहते. दोघींना एकमेकींना बांधून ठेवल्यावर कमकुवत ठिकाणी फाटणं ठरलेलंच. उजव्या बाजूला बरोबर तसंच फाटलंय. पट्टीला पुढच्या टोकालाच तेवढा सरस द्यायचा, उरलेल्या लांबीत लांबट भोकं पाडून वॉशरसकट स्क्रू लावायचे, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. हे मला माहीत होतं. टेबलाच्या पाटाखाली मी नेहमी तसंच करतो. पेटी लहान आहे, एवढं कशाला, असा विचार केला आणि तो चुकला.

थरथर त्याच पट्टीची आहे. त्या बाजूवर तळहात दाबून धरला की आवाज थांबतो, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. म्हणजे पट्टीचं मागचं टोक फळीपासून सुटलंय आणि जाड तारेच्या ८२ हर्ट्झला ते फळीवर आपटतंय. स्पीकर किंवा ॲम्प बिघडलेला नाही, त्याची काळजी करू नका.

आता वरच्या फळीवरचे डाग. फोटो पाहताक्षणी ओळखले. ते बबल रॅपचे ठसे आहेत. एकेका फुग्याचा गोल, मध्ये किंचित चमक, कडेला मंद कडं. तुमच्या पेटीच्या या फळीला तेल आणि वार्निश मिसळलेल्या पॉलिशचे चार हात आहेत. हे पॉलिश नुसतं सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन आतून घट्ट होतं, आणि पूर्ण घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतात. मी शेवटच्या हातानंतर पाचव्या दिवशी पेटी गुंडाळली. हवा कोंडली, पॉलिश मऊ राहिलं आणि प्लास्टिकने आपली नक्षी त्यावर उमटवली.

गुंडाळण्याआधी मी तपासलं होतं, पण चुकीच्या जागी. ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला की पांढरी भुकटी पडली पाहिजे. पेपरवर गोळ्या धरल्या तर आत अजून ओल आहे. ओरखडा दिसू नये म्हणून मी तळाला घासून पाहिलं, भुकटी पडली आणि मी निश्चिंत झालो. तळाला दोनच हात होते, वर चार.

यातच उशिराचंही उत्तर आहे. पहिले तीन आठवडे फळ्या कार्यशाळेत मध्ये काड्या घालून रचून ठेवल्या होत्या, इथल्या हवेला रुळायला. तो वेळ वाया गेला नाही, पण तो मी सहा आठवड्यांत धरलाच नव्हता आणि तुम्हाला सांगितलाही नव्हता. तुमच्या कार्यक्रमाची तारीख तुम्ही पहिल्याच दिवशी दिली होती. ती जवळ आली तसा मी शेवटी, पॉलिशच्या वेळेत, कात्री लावली. खरं तर तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं की पेटी तयार नाही, कार्यक्रमापुरती साधी प्लायवूडची पेटी वापरायला घेऊन जा. तुम्हाला तीन आठवडे जास्त लागल्याचा राग आहे, तो रास्त आहे. मला खंत याची आहे की आणखी तीन मागितले नाहीत. आता ऑर्डर घेताना लाकूड रुळण्याचा आणि पॉलिश घट्ट होण्याचा वेळ वेगळा लिहून देतो.

प्लायवूडबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. स्पीकर ज्या फळीवर बसतो ती १८ मिलिमीटर बर्च प्लायवूडची मी मुद्दाम घेतो, काटकसर म्हणून नाही. त्या फळीला बारा इंची स्पीकरचं मोठं भोक असतं, वर जड चुंबकाचं वजन आणि सततचे हादरे. अखंड लाकडात भोकाच्या कडेला तंतू आडवे कापले जातात, तिथे ते चिरायला सोपं जातं. प्लायवूडचे थर उभे-आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते जवळजवळ हलतच नाही. नवी पेटी केली तरी ही फळी प्लायवूडचीच असेल. बिलावर मात्र “अक्रोड” एवढंच लिहिलं होतं. तिथे “बाहेरची पेटी अक्रोड, स्पीकरची फळी बर्च प्लायवूड” असं हवं होतं. तुमची फसवणूक झाल्यासारखं वाटलं ते त्यामुळे, आणि त्याबद्दल मी माफी मागतो.

लाकडाने आवाजात अपेक्षेएवढा फरक पडला नाही, असंही तुम्ही ओघात लिहिलंय. आमच्या माहितीपत्रकात “अक्रोडाचा उबदार आवाज” असे शब्द होते, ते मी काढून टाकले. पेटीचा आवाजावर परिणाम होतो, पण स्पीकर कोणता, पेटी केवढी, पाठ उघडी की बंद, याचा त्याहून कितीतरी जास्त. अक्रोड घ्यायचं ते त्याच्या रंगासाठी, रेषांसाठी, आणि पुढे खरचटलं तर घासून पुन्हा नवं करता येतं म्हणून.

आता तुम्हाला दोन पर्याय आहेत. पूर्ण पैसे परत घ्या, किंवा मी नवी पेटी करून देतो. दोन्हींत ने-आणीचा खर्च माझा. नवी पेटी हवी असेल तर दहा आठवडे लागतील, आणि तेवढ्या काळासाठी प्लायवूडची पेटी मी आधी पाठवतो, तुमचं वाजवणं थांबणार नाही. तुमचा अभिप्राय जसा आहे तसा राहू द्या, बदलायची विनंती करणार नाही.

तोपर्यंत एकच करा: तड्यात गोंद किंवा पुट्टी भरू नका. हवा दमट झाली की फळी फुगून ती चीर बरीचशी मिटेल. आत काही भरलेलं असेल तर मिटायला जागा उरणार नाही आणि फळी दुसरीकडे फाटेल.