मामांनी शुक्रवारीच सांगितलं असतं

१० जुलै २०१५ ला ‘बाहुबली’चा पहिला भाग आला आणि दिग्दर्शक राजामौलींनी अख्ख्या देशाला भर रस्त्यात उतरवून दिलं. राजघराण्याच्या इमानी सेवकाने, कटप्पाने, बाहुबलीच्या पाठीत तलवार खुपसली, दिवे लागले, चला घरी. का मारलं? ते पुढच्या भागात. पुढचा भाग कधी, तर २८ एप्रिल २०१७. एक वर्ष, नऊ महिने, अठरा दिवस. एवढ्या काळात आमच्या सोसायटीच्या गच्चीची गळती दोनदा दुरुस्त होऊन तिसऱ्यांदा सुरू झाली, पण माझा कटप्पा तिथेच तलवार घेऊन उभा.

आणि मला तिकिटं मिळाली ती रविवार रात्रीची. पडद्यापासून तिसरी रांग.

शुक्रवारी सकाळी नऊच्या शोला गेलेली माणसं साधारण साडेबाराला बाहेर पडणार. म्हणजे साडेबारापासून ते रहस्य मोकाट सुटलेलं, आणि मला रविवारपर्यंत कान झाकून जगायचं. पहिला हल्ला संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये झाला. मागून आवाज आला, “अरे, तो कटप्पा काय करतो माहितीये...” डोंबिवलीच्या गर्दीत कानावर हात ठेवायला आधी हात सापडावा लागतो. माझा एक हात कुणाच्या तरी बॅगेखाली होता, दुसरा कुठे होता ते आठवत नाही. मी मोठ्याने अथर्वशीर्ष सुरू केलं. दुसऱ्या ओळीला चौघांनी साथ धरली, मुंब्र्यापर्यंत टाळ निघाले. वाचलो.

मग फॅमिली ग्रुप सोडला. काकांनी नेमकं तेव्हाच नातीच्या बारशाचं आमंत्रण टाकलं होतं. त्याखाली आमचं ‘लेफ्ट’. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. शनिवारी सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना शेजारच्या खुर्चीतला म्हणाला, “शेवटी चूक तिचीच ना...” आणि मी फेस पुसत बाहेर. दोन दिवस डावा गाल सज्जन आणि उजवा गाल पिंढारी.

सगळ्यात चिवट निघाले आमचे वॉचमनमामा. येता-जाता, “साहेब, एक सांगायचं होतं.” मामा पहिल्या दिवशी पहिला शो बघणारे गृहस्थ, हे मला पक्कं ठाऊक. “मामा, रविवारपर्यंत एक शब्द नाही!” “अहो पण साहेब, सोमवारी...” मी कानात बोटं घालून जिना चढायचो.

रविवारी सोबत बायको, चिरंजीव आणि सुट्टीला रत्नागिरीहून आलेली आत्या. आत्याने पहिला भाग पाहिलेला नव्हता. रिक्षात बारा मिनिटांत मी तिला अख्खी माहिष्मती समजावली.

“म्हणजे हा शिवा म्हणजेच बाहुबली?”

“नाही गं, बाहुबली त्याचा बाप. अमरेंद्र. हा महेंद्र.”

“दिसतो कसा?”

“सेम. एकच नट आहे, प्रभास.”

“बाप मेला ना?”

“मेला.”

“मग आता सिनेमात लग्न कुणाचं?”

“बापाचं. कटप्पा जुनी गोष्ट सांगतोय.”

“ज्याने मारलं तोच सांगतोय?” आत्या जरा वेळ गप्प बसली. “निर्लज्ज आहे.”

सिनेमा सुरू झाला. राजमाता शिवगामी डोक्यावर अग्नी घेऊन अनवाणी चाललीय, समोरून पिसाळलेला हत्ती येतोय, आणि बाहुबली भलामोठा रथ ढकलत मध्ये घुसतो. पुढे तो त्या हत्तीला हळदीने न्हाऊ घालतो आणि सोंडेवर पाय देऊन वर चढतो. थेटरात शिट्ट्या. माझे पैसे तिथेच वसूल झाले होते, बाकीचे अडीच तास फुकटात. एवढ्यात आत्या कानाशी आली. पडद्यावर सून म्हणून देवसेनेचं नाव जेमतेम निघालं होतं.

“हिनेच सांगितलं असणार.”

“कुणी? काय?”

“या राजमातेने. त्या टकल्याला, मार म्हणून. सून पसंत नाही, सख्खा मुलगा कान भरणार. कैकेयी आहे रे ही.”

अथर्वशीर्ष, बारसं, अर्धी दाढी, सगळं पाण्यात. वीस सेकंदांत, पॉपकॉर्न चघळत. मी पडद्याकडे बघत राहिलो आणि मनातल्या मनात प्रार्थना केली की आत्या चुकलेली असो. आत्या चुकलेली नव्हती.

पण राग धरायला सवडच मिळेना. कुंतल राज्यात बाहुबली भोळसट बनून राहतो आणि कटप्पा त्याचा मामा बनून जी काही बतावणी करतो, त्यावर आत्या एवढी हसली की पुढच्याने मागे वळून पाहिलं. मग रात्रीचा हल्ला होतो. अरुंद वाटेत बाहुबली देवसेनेला एका वेळी तीन बाण कुठल्या बोटांत कसे धरायचे ते लढता-लढता शिकवतो, आणि त्या दोघांची पावलं अशी पडतात की लढाई चाललीय की लग्न लागतंय ते कळेना. (चिरंजीवांनी नंतर रबरबँड आणि तीन पेन्सिली घेऊन हाच प्रयोग केला. ट्यूबलाइट गेली.) शिंगांना आग लावलेले बैल, फोडलेला बंधारा, पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेलेली पिंढाऱ्यांची फौज! आणि हिंदीत बाहुबलीचा आवाज आपल्या शरद केळकरांचा. तो आवाज दरबारात घुमला की माझ्यासारखा हिशेबनीसही खुर्चीत ताठ बसतो.

शेवटी ताडाची झाडं वाकवून, ढालींचा गोळा करून सैनिकांना तटावरून आत भिरकावतात. अकरावीला फिजिक्सच्या पेपरात मी याहून बरं उत्तर लिहून नापास झालो होतो. तरी सगळ्यात आधी टाळी माझीच. असा उपाय सुचायलाच मुळात छाती लागते.

तो प्रसंग आला तेव्हा मात्र थेटर चिडीचूप. तलवार पाठीत शिरली. मरता-मरता बाहुबली कटप्पाला आईला जपायला सांगतो. बाजूला सूं-सूं ऐकू आलं. बघतो तर आत्या पदराने डोळे पुसतेय.

“तुला तर माहीत होतं ना?”

“माहीत असलं म्हणून काय झालं? मामा म्हणायचा रे तो त्याला.”

त्यावर मी काही बोललो नाही, कारण माझाही रुमाल बाहेर होता.

रात्री बाराला सोसायटीत पोचलो. डोक्यात संगीतकार कीरावानींचे ढोल वाजत होते. गेटपाशी मामा उभे.

“आता सांगा मामा,” मी ऐटीत म्हणालो. “का मारलं?”

“कुणी कुणाला? मी कुठं बघितलाय, माझी डबल ड्यूटी होती.” मामांनी दोन रिकाम्या बादल्या पुढे सरकवल्या. “शुक्रवारपासून सांगतोय साहेब. उद्या सुट्टी म्हणून टाकी धुवायची ठरली, आज रात्री नळ बंद. सगळ्यांनी भरून ठेवलं, तुमचंच राहिलं. खालच्या नळाला थोडं येतंय.”

तिसरा मजला. लिफ्ट नाही. बंधारे फोडून सैन्य बुडवलेलं बघून आलेला मी करंगळीएवढ्या धारेखाली बादली लावून उकिडवा बसलो. आत्याने कळशी भरली, पदराची चुंबळ केली आणि डोक्यावर घेऊन तरातरा जिना चढू लागली.

“आत्या, अगं दे इकडे, पडशील!”

“ती आगीचं मडकं घेऊन चालली,” वरून आवाज आला, “हे तर पाणी आहे.”