पासबुकात न आलेली पोटगी

काल धाकट्या बहिणीसोबत बँकेत गेले होते. मशीनमधून तिचं पासबुक छापून आलं. आईने टाकलेले दोन हजार, व्याजाचे एकवीस रुपये, एसएमएसचे पैसे कापल्याची नोंद. तिच्या नवऱ्याने द्यायच्या पोटगीची एकही ओळ नाही. चौदा महिने झाले.

कोर्टाचा हुकूम आहे, शिक्क्यासकट. पण वसुलीचा अर्ज तिनेच करायचा, तारखांना तिनेच जायचं. वॉरंट निघालं तर शेरा येतो, ‘इसम पत्त्यावर मिळून आला नाही’. हाच इसम रोज ड्युटीवर जातो! "पुढच्या महिन्यात एकदम टाकतो" या त्याच्या शब्दावर ती थांबली आणि तिथेच फसली. थकलेली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली (जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 144) वॉरंट निघत नाही. तिच्या पहिल्या दोन महिन्यांचं हेच झालं. बायांनो, कृपा करून गोड बोलण्यावर वर्ष घालवू नका.

"एक महिना आत बसेन, विषय संपला," असं तो नातेवाइकांत सांगतो. विषय संपत नाही. तुरुंग हा वसुलीचा मार्ग आहे, फेड नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच कुलदीप कौर खटल्यात सांगितलंय. आत बसून आला तरी थकबाकी जशीच्या तशी.

तरी मला त्याला तुरुंगात पाहण्यात रस नाही. भाचीची फी तुरुंगातून येत नाही. पगारातूनच कापा. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्तेचं आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलं. पोटगीचा हुकूम दिवाणी कोर्टाच्या पैशांच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो, हेही सांगितलं. अशा वसुलीत पगाराचा एक तृतीयांश भाग तेवढा जप्तीपासून सुरक्षित असतो. म्हणजे रस्ता कायद्यात आहे. मग पहिली थकबाकी होताच कोर्टाने स्वतःहून त्याच्या ऑफिसला पगार कापण्याचं पत्र का धाडू नये? लेकराला घेऊन प्रत्येक महिन्याच्या पैशासाठी बाईनेच का पळायचं? त्याच खटल्यात अंतरिम पोटगीचा अर्ज 2013 चा होता. सात वर्षं! अंतरिम म्हणजे तोवर जगता यावं म्हणून दिलेली.

आमची पुढची तारीख तेवीसला आहे. त्याच्या ऑफिसचा पत्ता आणि पगार जप्तीची मागणी घातलेला अर्ज रात्रीच टाइप करून फाइलला लावलाय, पासबुकाच्या झेरॉक्ससकट.