‘बर्फातलं प्राणिसंग्रहालय’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

होक्काइदोच्या लेखावर ‘एक जुना पक्षीमित्र’ या नावाने आलेली तुमची प्रतिक्रिया वाचली. रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून थोडं थांबले. राग अजून गेलेला नाही, पण गप्प बसणंही जमत नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही मित्रमंडळी फेब्रुवारीत जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर जाऊन जे बघून आलो, ते तुमच्या मते ‘मका टाकून जमवलेले क्रौंच आणि मासे फेकून बोलावलेले गरुड’. म्हणून ते ‘पक्षीनिरीक्षण नव्हे, बर्फातलं प्राणिसंग्रहालय’. त्याशिवाय विमानप्रवासाचं प्रदूषण, खर्च, रात्री दिव्याच्या उजेडात पाहिलेलं घुबड, आणि ‘नांदूरमध्यमेश्वर सोडून तिकडे काय ठेवलंय’ हा प्रश्न. शेवटी हे वाक्य: ‘ताई, हौस म्हणून ठीक आहे, पण याला अभ्यास म्हणू नका.’

माझ्या लेखात ‘अभ्यास’ हा शब्द कुठेही नाही. पुन्हा वाचून बघा.

मतभेदाचं मला वावडं नाही. याच लेखावर एका वाचकाने विचारलं होतं की खाणं टाकल्यामुळे पक्ष्यांच्या सवयी बिघडत नाहीत का. प्रश्न तुमच्यासारखाच होता, आणि मी त्याला नीट उत्तर दिलं. तुम्ही प्रश्न विचारलाच नाहीत. तुम्ही निकाल दिलात, तोही स्वतःचं नाव न लिहिता. समोरच्या माणसाला काही कळत नाही असं आधीच धरून चालायचं आणि मग चार उपदेशाच्या गोष्टी सांगायच्या, ही पद्धत मला पटत नाही. पक्षीमित्रांच्या कट्ट्यांवर ती फार बोकाळली आहे. नवीन मुलं त्यामुळेच दबकतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

आता नांदूरमध्यमेश्वर. माझं माहेर निफाड तालुक्यातलं आहे. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथल्या पाणथळीवर वडील मला सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसवून न्यायचे. तेव्हा तिथे ना मनोरे होते, ना माहिती सांगणारी गावातली पोरं. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. दुर्बीण परवडण्यासारखी नव्हती, म्हणून आम्ही काठावर तासन्‌तास न हलता बसायचो. पट्टकदंबांचा थवा पहाटे धुक्यातून उतरताना आधी आवाज येतो आणि मग पक्षी दिसतात, हे मला लिहायला-वाचायला यायच्या आधी कळलं होतं. वारकरी पक्षी पाण्यावरून पळत पळत कसा उडतो, चक्रवाकाची जोडी कशी एकमेकांना हाका मारत राहते, हे सगळं तिथलंच. 2020 मध्ये त्या जागेला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातला पहिला, तेव्हा वडील हयात नव्हते आणि मी घरी बसून रडले होते. त्यामुळे नांदूरमध्यमेश्वर सोडून तिकडे काय ठेवलंय, हे मला तुम्ही विचारू नका. मी काहीही सोडलेलं नाही. दर हिवाळ्यात जाते.

तुमचं मुख्य वाक्य प्राणिसंग्रहालयाचं. त्याच्यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ते नुसतं मला लागलेलं नाही, ते चुकीचं आहे.

लाल मुकुटाचा क्रौंच, ज्याला तिकडे तांचो म्हणतात, तो एकेकाळी होक्काइदोभर होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिकार झाली, दलदली उपसून शेती आणि वस्ती झाली, आणि पक्षी दिसेनासा झाला. जपानमधून तो संपला असंच लोक धरून चालले होते. 1924 मध्ये पूर्व होक्काइदोतल्या कुशिरोच्या दलदलीत मूठभर क्रौंच पुन्हा सापडले. तरीही पुढची कित्येक वर्षं संख्या वाढेना. मग 1952 चा कडक हिवाळा आला. ओढे, झरे गोठले, खायला काही उरलं नाही आणि उपाशी क्रौंच शेतांपर्यंत आले. तिथल्या शेतकऱ्यांनी जनावरांसाठी ठेवलेला मका त्यांच्यापुढे टाकला. त्या वर्षीच्या गणनेत फक्त 33 क्रौंच मोजले गेले. आज होक्काइदोत ते 1,800 च्या आसपास आहेत.

ज्या मक्यावर तुम्ही बोट ठेवलंत, तो हा मका. तो पर्यटकांसाठी टाकलेला नव्हता. तेव्हा तिथे पर्यटक नव्हतेच. युद्धानंतरचा गरीब देश, त्यातही सगळ्यात थंड आणि मागास कोपरा, आणि तिथल्या शेतकऱ्याने गुरांच्या तोंडचा दाणा काढून पक्ष्याला दिला. त्सुरुई गावात अशाच एका शेतकऱ्याच्या, इतो योशिताका यांच्या जागेवर 1987 मध्ये जपानच्या वन्यपक्षी संस्थेने तांचो अभयारण्य उभं केलं. मी त्या कुंपणापाशी उभी होते. पलीकडे पांढरंशुभ्र शेत, त्यात शेकडो क्रौंच, आणि त्यांतली एकेक जोडी मान वर करून एकत्र साद घालते: नराचा एक सूर, मादीचे त्यावर दोन. एवढी थंडी असते की प्रत्येक सुरासोबत चोचीतून वाफ बाहेर पडते. तुम्हाला आवाज ऐकू येतो आणि तो दिसतोही. गेल्या वर्षीचं पिल्लू, मानेवर अजून तपकिरी रंग असलेलं, आईबापाच्या मधे उभं होतं. थोड्याच दिवसांत ते त्याला हाकलून लावणार, कारण नव्या विणीची वेळ झालेली असते. कुंपण आमच्यासाठी होतं, त्यांच्यासाठी नव्हतं. ते हवं तेव्हा उडून जात होते आणि संध्याकाळी सगळे नदीकडे गेले.

त्या नदीवरचा ओतोवा पूल मी लेखात वर्णन केला आहे. सेत्सुरी नदी झऱ्यांच्या पाण्यामुळे गोठत नाही, म्हणून क्रौंच रात्रभर तिच्या उथळ पात्रात उभे राहतात. बाहेरच्या हवेपेक्षा पाणी ऊबदार असतं आणि कोल्ह्यालाही तिथे सहज येता येत नाही. पहाटे उणे वीसच्या आसपास तापमान, पाण्यावरून वाफा उठताहेत, काठावरच्या झाडांची प्रत्येक काडी हिमकणांनी पांढरी. आमच्यातल्या एकाने कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला हातमोजा काढला आणि ट्रायपॉडच्या धातूला त्याची बोटं चिकटली. त्या नदीत मका कोणी टाकत नाही. हे कोणत्या प्राणिसंग्रहालयात बघायला मिळतं, सांगा.

आपल्याच देशात राजस्थानात खीचनला गावकरी कांड्या करकोच्यांना अनेक दशकं धान्य घालताहेत. आपण ते भूतदया म्हणून कौतुकाने सांगतो, महाराष्ट्रातून बसगाड्या भरून बघायला जातो. गोंदियाच्या भातखाचरात सारस घरटं करतो तेव्हा ते शेतकऱ्याच्या मर्जीवरच टिकतं. तिथे आपण शेतकऱ्याचा सत्कार करतो. जपानच्या शेतकऱ्याने केलं की ते प्राणिसंग्रहालय?

मका कायम चालू राहावा असं तिथेही कोणी म्हणत नाही. 1984 पासून सरकार हिवाळी खाद्याची व्यवस्था बघतं आणि 2015 पासून ते प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी केलं जातंय. एवढे पक्षी थोड्याच ठिकाणी दाटीने राहिले तर एखादा रोग सगळ्यांना एकदम गाठेल, ही खरी भीती आहे. शिवाय क्रौंच आता दुग्धव्यवसाय करणाऱ्यांच्या मक्यावर येतात, विजेच्या तारांना धडकतात, गाड्यांखाली येतात. पक्षी परत जास्त मोठ्या प्रदेशात पसरावेत यासाठी तिथली माणसं धडपडताहेत. म्हणजे खाणं टाकण्याविषयी गंभीर चर्चा आहेच. ती तुमच्या एका ओळीपेक्षा कितीतरी पुढे गेली आहे.

गरुडांच्या बाबतीत थोडं वेगळं आहे, हे मी मानते. होक्काइदोच्या पूर्व किनाऱ्यावरच्या राउसू बंदरातून पहाटे अंधारात निघणाऱ्या बोटी तरंगत्या बर्फावर मासे टाकतात आणि स्टेलरचे समुद्री गरुड तिथे उतरतात. हे मी लेखात लपवलेलं नाही, एका वाक्यात लिहिलेलं आहे. पण हा गरुड तिथे बोटींमुळे आलेला नाही. तो कामचात्का आणि ओखोत्स्क समुद्राच्या किनाऱ्यावर वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिणेला येतो. राउसूला तो जमायचा तो पोलॉक माशामुळे. जाळ्यांतून निसटलेल्या माशांवर शेकडो गरुड पोसले जायचे. 1990 नंतर ती मासेमारी घसरली आणि गरुड डोंगरात शिकाऱ्यांनी मारून टाकलेल्या हरणांच्या अवशेषांकडे वळले. त्या मांसातलं शिसं पोटात गेलं आणि पक्षी विषबाधेने मरू लागले. होक्काइदोने 2000 पासून हरणांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी आणायला सुरुवात केली ती याच गरुडांसाठी. अडीच मीटरपर्यंत पंखांचा पसारा असलेला हा पक्षी बोटीपासून वीसेक फुटांवर बर्फावर उतरतो, पिवळी चोच उघडून शेजारच्यावर ओरडतो, मागे कुनाशिर बेटावर सूर्य वर येतो. तिथे उभं राहून मला जे वाटलं ते खरं होतं. कोणत्या माशाने त्याला खाली आणलं यावरून ते खोटं ठरत नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. विमानाचं प्रदूषण होतं, ते तुमच्या प्रवासांनीही होतं. खर्च आमच्या पगारातून केला. रात्री पाहिलेल्या त्या ब्लॅकिस्टनच्या मत्स्यघुबडाचा प्रश्न घुबडावर स्वतंत्र लेख लिहीन तेव्हा. तो पक्षी जगातलं सर्वांत मोठं घुबड आहे, होक्काइदोत त्याच्या मोजक्याच जोड्या आहेत, आणि तिथले मूळ रहिवासी आयनू लोक त्याला गाव राखणारा देव मानतात. त्याच्यावर दोन ओळींत वाद घालायची माझी इच्छा नाही.

एक गोष्ट तुमची मान्य. फोटोंखाली ठिकाणांची नावं असती तर वाचकाला सोपं गेलं असतं. ती आता टाकते आहे.

‘ताई’ म्हणालात त्याबद्दल. माझ्या गावात ताई म्हणणारा माणूस आधी विचारपूस करतो. तुम्ही केली नाहीत, म्हणून तुमचं हे संबोधन मला स्वीकारता येत नाही. वयाने मोठे असाल तर मला नावाने हाक मारा, माझं नाव लेखाच्या वर आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. मका कमी करण्याचा वेग बरोबर आहे का, की त्यामुळे भुकेले क्रौंच आणखी शेतांत घुसतील, यावर तुमचं काही मत असेल तर लिहा. मला ते खरोखर वाचायचं आहे. फक्त या वेळी खाली तुमचं नाव असू द्या.